लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यापाशी कुणी का थांबत नाही?

लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून भाविक वर येतो, सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचे दर्शन घेतो, ओसरीत बसून कुकडीच्या खोऱ्याकडे बघत घोटभर पाणी पितो आणि उतरायला लागतो. शेजारीच सहावे लेणे आहे. ते चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचे प्रार्थनागृह, आहे. आत दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला स्तूप, वर कमानदार छत. ओसरीत ब्राह्मी अक्षरांची एकच ओळ कोरलेली आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले, एवढेच ती सांगते. हेरणिक हे नाव असेल किंवा सोनार, खजिनदार असा व्यवसायही असेल. पण कल्याण हे कल्याणच आहे. आपण लोकल बदलतो ते.

कोकणातल्या बंदरावरच्या माणसाने घाटमाथ्यावर येऊन एवढा मोठा खर्च का केला असेल? या प्रश्नाचे उत्तर लेण्याद्रीवर मिळत नाही. ते तीसेक किलोमीटर पश्चिमेला, नाणेघाटाच्या खिंडीत आहे. आणि तिथे जायला हवे, हे लेण्याद्रीला आलेल्या माणसाला सांगणारे काहीही त्याच्या हातात नसते. अष्टविनायकाच्या पुस्तिकेत गणपती आहे. किल्ल्यांच्या पुस्तकात शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन आहेत. जिल्ह्याच्या माहितीपत्रकात ‘लेण्याद्री : अष्टविनायकांपैकी एक, येथे तीस लेणी आहेत’ अशी दीड ओळ आहे. पुरातत्त्व खात्याच्या फलकावर १९५८ चा कायदा आहे, दोन वर्षे कैद किंवा एक लाख रुपये दंड आहे. दंडाची रक्कम कळते, दात्याचे नाव कळत नाही.

माझे म्हणणे असे की, महाराष्ट्राच्या वारशावर सार्वजनिक पैशातून जी मार्गदर्शक पुस्तके निघतात, ती जिल्ह्याच्या हिशेबाने काढणे थांबवावे आणि एकेक सूत्र धरून काढावीत. सूत्र म्हणजे ठिकाणांना आतून बांधणारी गोष्ट: एखादी व्यापारी वाट, एका प्रकारचे दगडी काम, पाणी साठवण्याची एक पद्धत, मराठी भाषेचा शिलालेखांतला माग. ‘पाहण्यासारखी शंभर ठिकाणे’ हे सूत्र नव्हे. त्यातले एक ठिकाण काढले तर उरलेल्या नव्याण्णवांना काही फरक पडत नाही. सूत्राची कसोटी नेमकी हीच आहे. नाणेघाट काढून टाकला तर लेण्याद्रीचा सुलसदत्त अधांतरी राहतो. म्हणजे तिथे सूत्र आहे.

जिल्हावार मांडणी आपल्याकडे आली ती इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांमधून. मुंबई इलाख्याचे गॅझेटियर जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली तयार झाले. पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड १८८५ चा, तीन भागांत. त्या कामाची थोरवी आजही कमी होत नाही. जुन्नरचे लेख वाचताना अजून तिथेच जावे लागते. पण ते पुस्तक कलेक्टराच्या टेबलासाठी होते. त्याला महसूल जिल्ह्याप्रमाणे गोळा करायचा होता, म्हणून देवळेही जिल्ह्याप्रमाणे मांडली. आपण ती चौकट तशीच उचलली. परिणाम असा की, प्राचीन काळातला पश्चिम महाराष्ट्राचा एक मोठा व्यापारी मार्ग, सोपारा-कल्याण-नाणेघाट-जुन्नर-नेवासे-पैठण-तेर, आज पालघर, ठाणे, पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशा सहा पुस्तिकांत तुकडे होऊन पडला आहे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला तेव्हा सोपारा एका पुस्तिकेतून दुसऱ्या पुस्तिकेत गेला. बैलांच्या तांड्यांना यातली एकही हद्द ठाऊक नव्हती.

शिवाय सूत्राची मांडणी ही काही बाहेरून आणायची गोष्ट नाही. मराठीत ती सातशे वर्षांपासून आहे. महानुभावांची स्थानपोथी काय आहे? चक्रधरस्वामी कुठे राहिले, कुठे बसले, कुठे जेवले, त्या जागांची नोंद. गाव कोणते, देऊळ गावाच्या कुठल्या अंगाला, दार कोणत्या दिशेला, शेजारी काय आहे, हे इतक्या काटेकोरपणे लिहिलेले आहे की आजही गावात उभे राहून जागा शोधता येते. एका माणसाची पावले हे त्या पोथीचे सूत्र आणि त्या जागांना नमस्कार करणारा भक्त हा तिचा वाचक. त्याही आधी, पहिल्या शतकात, एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हा समुद्री वाटांचा आणि बंदरांचा ग्रंथ लिहिला. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे आपले तेर. पैठणहून मौल्यवान दगड येतो, तगरहून कापड येते. कल्याण बंदरात एकेकाळी मोकळा व्यापार होता, पण आता तिथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असाही इशारा त्यात आहे. कुठे काय मिळेल आणि कुठे अडचण येईल, हे दोन्ही त्याने लिहिले. आपल्या माहितीपत्रकांत दुसरा भाग जवळजवळ नसतोच.

याच वाटेवर पुस्तक काढायचे ठरवले, तर ते कसे व्हावे?

पहिली गोष्ट दिशेची. नाणेघाट खालून वर चढायचा, वरून खाली बघायचा नाही. आज बहुतेक लोक जुन्नर-घाटघरकडून गाडीने थेट माथ्यावर येतात, पावसाळ्यात वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा बघतात, नानाचा अंगठा या कड्यावर फोटो काढतात आणि परततात. मोबाईलच्या नकाशात ‘नाणेघाट’ शोधले तरी पिन माथ्याचीच असते. त्यामुळे वाटेचा शेवट आधी दिसतो आणि वाट दिसतच नाही. पुस्तकाने वाचकाला कल्याणला एसटीत बसवावे. माळशेजमार्गे जुन्नर, आळेफाटा, नगरकडे जाणारी कुठलीही गाडी चालते. मुरबाड, टोकावडे गेले की वैशाखरे. तिथून थोडे पुढे महामार्गाच्या उजव्या हाताला वाट फुटते. अडीच ते तीन तासांची चढण आहे. आधी सपाटीचे रान, मग ओढा, मग घळीतून चढ, आणि शेवटच्या टप्प्यात खडकात खोदलेल्या पायऱ्या. पायाखाली ती झिजलेली पायरी लागते तेव्हाच ही वाट कुणीतरी मुद्दाम बांधली होती, हे शरीराला कळते. गाडीने आलेल्याला ते कळण्याचा मार्ग नाही.

माथ्याच्या थोडे अलीकडे लेणे आहे. ते राहण्यासाठी वा पूजेसाठी खोदलेले दिसत नाही. डाव्या आणि उजव्या भिंतीवर प्रत्येकी दहा ओळींचा लेख आहे. हा सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख. यज्ञांची आणि दक्षिणेची यादी. गायी, घोडे, हत्ती, आणि एका ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. हा आकडा वाचकाला भिंतीवर दाखवता आला पाहिजे, कारण भारतातल्या अंकांच्या इतिहासात या भिंतीला मोठे स्थान आहे. त्यात आजच्यासारखे स्थानमूल्य नाही, शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हे आहेत. पुस्तकात त्या चिन्हांची छोटी आकृती हवी, म्हणजे दहा वर्षांच्या मुलालाही भिंतीवर अंक शोधता येतील. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी नावे वर कोरलेली आहेत, खाली मूर्ती मात्र गेल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. हे आधी सांगितले नाही तर माणूस आत येतो, रिकामी भिंत बघतो आणि ‘काही नाही इथे’ म्हणून बाहेर पडतो.

अक्षरे उथळ आहेत. समोरून बॅटरी मारली तर भिंत सपाट दिसते आणि काहीच वाचता येत नाही. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून कडेने प्रकाश टाकायचा, की प्रत्येक रेघेला सावली मिळते आणि ओळ उठून येते. खडू, चुना किंवा पाणी लावून अक्षरे उठवायला अजिबात जायचे नाही. खडू खाचेत बसतो, पुढचा माणूस तो घासून काढतो, आणि घासताना दगडाचा पापुद्रा निघतो. ही चार वाक्ये छापायला एवढीशी जागा लागते. मी ती कुठल्याही सरकारी पुस्तिकेत पाहिलेली नाहीत.

लेण्याच्या वर खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे सगळेच सांगतात. इथे मार्गदर्शिका लिहिणाऱ्याची परीक्षा होते. जकात घेतली जात असणार हा रास्त तर्क आहे, कारण अशा खिंडीचा दुसरा उपयोग काय? पण याच रांजणात नाणी पडत होती, याचा लेखी पुरावा नाही. म्हणून पुस्तकात प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक खूण असावी: लेख, तर्क आणि सांगी, म्हणजे लोकांच्या तोंडची गोष्ट. सुलसदत्ताचे दान म्हणजे लेख. जकातनाका म्हणजे तर्क. रांजणातली नाणी म्हणजे सांगी. सांगी गाळायची नाही, तीही वारसाच आहे. पण तिला तिच्या नावाने हाक मारायची. हे न केल्यामुळे आपल्याकडे काय होते, त्याचा नमुना म्हणजे ‘हेमाडपंती’. दगडाचे कुठलेही जुने देऊळ दिसले की पुस्तिकेत हेमाडपंती. हेमाद्री हा तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. अंबरनाथच्या शिवालयात शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा शिलालेख आहे. दोनशे वर्षांनी होणाऱ्या माणसाच्या नावाने ते देऊळ ओळखायचे, आणि ज्या शिलाहारांच्या राजवटीत ते उभे राहिले त्यांचे नाव कुणाच्या तोंडी नाही. एका पुस्तिकेने लिहिले, दुसरीने उतरवले, आता ते फलकांवर गेले आहे.

घाट चढून आलेला वाचक मग जुन्नरकडे निघतो. घाटघरहून एसटी मोजक्या आहेत, त्या चुकल्या तर जीप मिळेपर्यंत थांबावे लागते; वेळापत्रक छापू नये, ते महिन्यात शिळे होते, पण ‘दुपारी दोनच्या आत माथ्यावर पोहोचा’ हे छापावे. वाटेत चावंड आणि पूरचे कुकडेश्वर मंदिर आहे. इथून पुढचा प्रदेश म्हणजे या सूत्राचा गाभा. जुन्नरभोवती तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. त्यांतले लेख एकत्र वाचले की एक गजबजलेली पेठ उभी राहते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दिले. बुरुडांची श्रेणी आहे, कासारांची आहे. त्यांच्याकडे ठेव ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून दान चालवायचे, अशी व्यवस्था आहे. क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याने मानमोडीवर पोढी आणि मंडप दिला, त्यावर ४६ हे वर्ष आहे. आणि तीन यवन, त्या काळच्या भाषेत ग्रीक, आहेत: इरिल, चिट, चंद्र. चिटाने शिवनेरीवर भोजनमंडप दिला. म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या किंवा तशा कुळातल्या माणसाने भिक्खूंच्या जेवणाची सोय केली, आणि ती जागा आजही ज्या किल्ल्यावर आपण १९ फेब्रुवारीला जातो त्याच्याच पोटात आहे.

या टप्प्यावर एक धोका आहे आणि तो सूत्राच्या बाजूने बोलणाऱ्यानेच सांगितला पाहिजे. सूत्र हातात आले की दिसेल ते त्यात ओवावेसे वाटते. सोपाऱ्याच्या स्तूपाला स्थानिक लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणतात. जुन्नरच्या लेखात बुरुडांची श्रेणी आहे. लिहिणाऱ्याचा हात शिवशिवतो: वाटेच्या एका टोकाला बुरूड राजा, दुसऱ्या टोकाला बुरूड श्रेणी! पण या दोहोंना जोडणारा पुरावा काहीच नाही. एक लोकांच्या तोंडचे नाव आहे, दुसरी दोन हजार वर्षांपूर्वीची कोरीव ओळ. शेजारी मांडावीत, पण गाठ मारू नये. सूत्रावरची पुस्तके बिघडतात ती इथेच. जिल्ह्याची जंत्री कंटाळवाणी असते, पण ती सहसा एवढे खोटे बोलत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सूत्र कोण निवडणार? ज्याच्या हाती पैसा तो आपल्या सोयीचे सूत्र काढील आणि बाकीचे पुसून टाकील. भीती खरी आहे. त्यावर उपाय म्हणून सगळेच थोडेथोडे सांगणारी जंत्री पुढे केली जाते. तिच्यामुळे मात्र काहीच टिकत नाही, सगळेच सारखे पुसट होते. एकाच जागेवरून अनेक पुस्तके जाऊ देणे हा खरा उपाय. शिवनेरीच घ्या. सातवाहन काळातल्या लेण्यांचे पुस्तक तिथून जाते. १४९० मध्ये जुन्नरला निजामशाहीचा पाया घालणाऱ्या मलिक अहमदचे आणि पुढच्या निजामशाही इमारतींचे पुस्तक तिथून जाते. गडावरची कमानी मशीद, खाली हापूसबागेतला सौदागर घुमट ही त्याची ठिकाणे. शिवजन्माचे पुस्तक अर्थातच तिथून जाते. आणि महादेव कोळ्यांच्या इतिहासाचे पुस्तकही तिथूनच जाते, कारण गडावर कोळी चौथरा आहे. चार पुस्तके, चार वाचक, एकच गड. ज्याने एक वाचले त्याला दुसऱ्याची पाने शेवटी सुचवावीत. नेवाशालाही हेच. १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी तिथे उत्खनन केले, त्यात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. आणि तिथेच ज्ञानेश्वरीचा पैस खांबही आहे. वारकऱ्याने खापरांचे पुस्तक उघडावे आणि खापरे बघायला आलेल्याने खांबाला हात लावावा, यात कुणाचे काही कमी होत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जे मानले, तेही एक सूत्रच होते. बारा किल्ले: अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. साल्हेरचा डोंगरी किल्ला आणि खांदेरीचा पाण्यातला किल्ला एका यादीत बसले ते एका लष्करी विचाराचे भाग म्हणून. मग जागतिक पातळीवर जी मांडणी आपण स्वतः लढवली, ती आपल्याच शाळकरी मुलांच्या हातातल्या पुस्तकात का नको?

वस्तूही वाटेवरच राहिलेल्या नाहीत, हे जंत्री कधी सांगत नाही. सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उघडला. अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा तिथला, नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगावचा. दोन्ही आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. स्तूपातला करंडक एशियाटिक सोसायटीकडे. म्हणजे सोपाऱ्याचा दिवस मुंबईत सुरू व्हायला हवा, नालासोपारा स्टेशनवर नव्हे. दुसऱ्या टोकाला तेर याच्या उलट आहे. रामलिंगप्पा लामतुरे या एका माणसाने गावात सापडणाऱ्या वस्तू जपल्या, त्यातून आजचे संग्रहालय उभे राहिले, आणि वस्तू गावातच राहिल्या. तिथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी नाते सांगणारी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईला सापडली, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली. ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला या वाटेचे शेवटचे पान तिथे उघडता येईल, तेरला कधी यायचे ते नंतर ठरवता येईल. तेरलाच विटांचे त्रिविक्रम मंदिर आहे. त्याची मागची बाजू चैत्यगृहासारखी गोलाकार आहे. लेण्याद्रीचे सहावे लेणे पाहून आलेल्या माणसाला ती गोलाई बघताक्षणी ओळखू येते, कुणी सांगावे लागत नाही. सूत्राचे खरे काम हे, डोळा तयार करणे.

काय छापू नये, हेही ठरवावे लागते. कोकणातल्या कातळशिल्पांचे उदाहरण घ्या. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, कुडोपी आणि गोव्यातले फणसईमाळ यांच्यासह नऊ ठिकाणे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. हे सूत्र तर दोन राज्यांत पसरले आहे, जिल्ह्याचे काय घेऊन बसलात. पण ही चित्रे उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेली आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि तो पाहताना आपण त्याच्यावरच उभे आहोत हे कित्येकांच्या लक्षात येत नाही. भर दुपारी ऊन डोक्यावर असताना रेषा दिसत नाहीत, मग लोक चुना किंवा रांगोळी भरतात. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर तिरप्या उन्हात गेले तर काही भरावे लागत नाही. पावसाळ्यानंतर गवत माजते, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी बरे. चपला सड्याच्या कडेला काढायच्या. आणि माझा आग्रह असा: ज्या शिल्पाभोवती निदान ग्रामपंचायतीने दगडी गडगा घातला आहे आणि ज्याची जबाबदारी गावात कुणीतरी घेतली आहे, त्याचीच वाट पुस्तकात द्यावी. बाकीच्यांचे वर्णन द्यावे, ठावठिकाणा देऊ नये. सड्याखाली जांभ्याच्या खाणी आहेत, वर गाड्या फिरतात, आणि एकदा छापलेली वाट मागे घेता येत नाही.

‘आता पुस्तक कोण घेतो, सगळे मोबाईलवर आहे,’ हे उत्तर खात्यांकडून हमखास येते. मोबाईल विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. लेण्याद्रीवर उभ्या असलेल्या माणसाला सुलसदत्ताबद्दल विचारायचे आहे, हेच त्याला माहीत नसते. पुस्तक न विचारलेले सांगते. शिवाय घाटात नेटवर्कचा भरवसा नाही. पण पुस्तक म्हणून काहीही चालणार नाही, त्याचीही कारागिरी आहे. खिशात मावेल असा आकार, सहा फर्मे म्हणजे ९६ पाने, बारा ते पंधरा ठिकाणे. एका ठिकाणावर उभ्याने वाचून होईल एवढाच मजकूर, तीनशे-साडेतीनशे शब्द. गुळगुळीत आर्ट पेपर नको: घामाने, पावसाने पाने एकमेकांना चिकटतात आणि उन्हात चमकून वाचता येत नाहीत, साधा, न चमकणारा मॅपलिथो कागद बरा. पिनांनी टाचलेले पुस्तक दुसऱ्या पावसात गंजते, शिलाई हवी. नकाशा दोन पानांत पसरवू नये, नेमकी खिंडच शिलाईत गिळली जाते. तो मागच्या पुठ्ठ्याला घडी घालून जोडावा. अंतर पुण्याहून किंवा मुंबईहून न देता शेवटच्या एसटी थांब्यापासून द्यावे. प्रत्येक ठिकाणाच्या खाली ‘पडताळणी’ म्हणून महिना आणि वर्ष छापावे, म्हणजे टाके आटले, पायरी निखळली, दार बंद झाले तर वाचकाला माहिती किती जुनी ते कळेल. आणि वाट दाखवणाऱ्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी वाटाड्यांना मानधन लेखकाच्या मानधनाच्या रांगेत बसवून द्यावे. त्यांच्यावाचून वैशाखऱ्याच्या रानातले ढोरवाटांचे फाटे कुणालाही बिनचूक लिहिता येणार नाहीत.

यासाठी नवे महामंडळ लागत नाही. २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. सुरुवात तिथून, एकाच फर्म्याने करता येईल: सोळा पाने, मराठीत, लेण्याद्रीच्या तिकीट खिडकीवर, चहाच्या किमतीत. पहिल्या पानावर गिरिजात्मज असावा, कारण माणूस त्याच्यासाठी आला आहे. दुसऱ्या पानावर सातव्या लेण्यातून बाहेर पडून सहाव्याच्या ओसरीत कुठे उभे राहायचे आणि मान किती वर करायची, ते लिहावे. तिसऱ्या पानावर ती ब्राह्मी ओळ मोठ्या आकारात छापावी, प्रत्येक अक्षराखाली देवनागरी अक्षर. दर्शन घेऊन आलेल्या आजींनी नातवाला बोट धरून तिथे न्यावे आणि त्याने एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचावे: क, लि, य, ण.